पीएसबीच्या पाकिटात डीएपी नसतं

पेरणी जवळ आली की चाकण-खेड पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: “पीएसबी लावलंय, यंदा डीएपी नको.” सांगणारा कधी दुकानदार असतो, कधी बांधाशेजारचा भाऊबंद, तर कधी मोबाइलवरचा कुणी उत्साही सल्लागार. शंका काढणाराच अडाणी ठरतो.

हिशेब अगदी साधा आहे. डीएपी खताच्या 50 किलोंच्या गोणीत 23 किलो स्फुरद असतं. पीएसबीच्या, म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या, 250 ग्रॅमच्या पाकिटात असते लिग्नाइटसारखी भुकटी आणि तिच्यात तग धरून राहिलेले जिवाणू. स्फुरद हे मूलद्रव्य; ते कोणताही जिवाणू घडवत नाही. नत्राची गोष्ट निराळी. हवेत 78 टक्के नत्रच आहे, त्यामुळे रायझोबियम या जिवाणूला ते तिथून ओढून घेता येतं. स्फुरद मात्र मातीतच असतं, आणि तेही अडकलेलं. चुनखडीच्या काळ्या रानात ते कॅल्शियमशी बांधलं जातं, त्यामुळे घातलेल्या खतातला थोडाच वाटा पहिल्या पिकाच्या मुळांना लागतो. पीएसबी ग्लुकोनिक, सायट्रिक अशी आम्लं सोडून त्या साठ्यातलं काही मोकळं करतात. चाकणच्या गोदामातला फोर्कलिफ्ट माल बाहेर काढतो, बनवत नाही, तसंच हे.

विश्वास बसत नसेल तर फार लांब जायला नको. राजगुरुनगरचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय कांद्याला हेक्टरी 5 किलो पीएसबी सुचवतं खरं, पण त्याच शिफारशीत शेणखत आणि रासायनिक स्फुरदाची मात्राही असते. लांबचंच पाहायचं, तर सोव्हिएत संघात ‘फॉस्फोबॅक्टेरिन’ नावाने हेच जिवाणू मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी ते तपासले, तेव्हा भरवशाची वाढ दिसली नाही. म्हणून पीएसबी थोतांड ठरत नाही. सेंद्रिय कर्ब आणि ओल असलेल्या रानात ते उपयोगी पडतं. फक्त गोणीचं काम पाकिटाला सांगू नये.

बाकीच्या समजुती थोडक्यात. एकच रायझोबियम सगळ्या पिकांना चालतं, हे खोटं: सोयाबीनचं रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही, आणि कांद्याच्या मुळांवर तर त्याच्या गाठीच येत नाहीत. पाकीट जुनं झालं तरी चालतं, हेही खोटं: खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत पेशी हव्यात, आणि दुकानाच्या दारात उन्हात रचलेल्या पाकिटांत त्या टिकत नाहीत. बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आधी, जिवाणू सर्वांत शेवटी, आणि बियाणं सावलीत सुकवायचं.

जिवाणू म्हणजे रोगच, असं मानणाऱ्यांसाठी पिंपरीचाच दाखला आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कंपनीत हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळालं ते मातीतल्या जिवाणूपासून, आणि त्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. याच कंपनीचं स्ट्रेप्टोसायक्लिन मात्र जिवाणू मारण्यासाठीच असतं. ते पीएसबीबरोबर एकाच बादलीत कालवलं, तर पाकिटाचे पैसे वाया गेलेच.