घरच्या पडवीत शिकलेले वेल्डिंग



मागच्या पावसाळ्यात आमच्या जव्हार भागातील वसतिगृहाच्या अकरा लोखंडी खाटा एकामागून एक मोडल्या. चार महिने ओल सुटत नाही, त्यामुळे पायाच्या जोडापाशी लोखंड सडते आणि एखाद्या रात्री पाय निखळून मूल खाली येते. खाट टेम्पोत घालून बाजारपेठेत न्यायची, दोन दिवसांनी परत आणायची, तर जोडाच्या मजुरीपेक्षा टेम्पोचे भाडेच जास्त होई. आपल्यापैकीच एका हितचिंतक कुटुंबाने त्यांच्याकडचे वापरात नसलेले छोटे वेल्डिंग मशीन आम्हाला दिले, आणि ते वापरायला कोणी नाही म्हणून मीच शिकायचे ठरवले. मी गणिताचा शिक्षक. वयाची पन्नाशी उलटलेली. माझे घर आवारातच आहे, म्हणून मागच्या पडवीत मशीन मांडले. या धड्याबद्दल काही बंधूंनी पत्रातून विचारले होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आपण रस्त्याच्या कडेला ठिणग्या उडताना पाहतो ते बहुतेक हेच रॉडचे वेल्डिंग. मशीनमधून दोन जाड केबली निघतात. एकीच्या टोकाला होल्डर, त्यात रॉड धरायचा. दुसरीचा चिमटा जोडायच्या लोखंडाला लावायचा. रॉडचे टोक लोखंडाला टेकवून किंचित उचलले की मधल्या फटीतून वीज उडी मारते. त्या उडीत इतकी उष्णता असते की रॉडचे टोक आणि खालचे लोखंड दोन्ही क्षणात वितळतात (लोखंड वितळायला सुमारे १५०० अंश लागतात, ही ज्वाला त्याच्या कितीतरी वर असते). दोन्हींचे मिळून एक छोटे डबके तयार होते आणि ते थिजले की जोड झाला.

रॉडवरचा करडा थर मला आधी नुसता रंग वाटला होता. तोच खरा महत्त्वाचा. तापलेल्या लोखंडाला हवा लागली तर ते ठिसूळ आणि सच्छिद्र होते. हा थर जळताना धूर होऊन डबक्याला हवेपासून झाकतो, आणि उरलेला भाग वितळून जोडावर खपलीसारखा बसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांच्या दुरुस्तीत गुंतलेल्या स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी रॉडला असे आवरण देण्याची युक्ती काढली. त्याआधीच्या उघड्या तारेचे जोड भरवशाचे नसत. जखमेवरची खपली लवकर ओढू नये म्हणतात, तेच येथेही. गरम असताना ठोकली तर ती तुकडे होऊन उडते आणि नेमकी डोळ्याकडे येते. थंड होऊ द्यावी, मग हातोडीने टिचक्या मारून काढावी, वर तारेचा ब्रश मारावा.

रॉडच्या पुड्यावर ६०१३ असा आकडा असतो. नवशिक्याने हाच मागावा. तो चटकन पेटतो आणि खपली सहज सुटते. जाडी २.५ मि.मी. घेतली तर मशीनची सुई साधारण ७० ते ८० अँपिअरवर ठेवून तीन मि.मी. जाडीच्या अँगलवर सराव करता येतो. रॉड मात्र कोरडे हवेत. आमच्याकडे आषाढात उघडा राहिलेला पुडा मऊ पडला आणि जळताना नुसता तडतडू लागला. तेव्हापासून ते झाकणाच्या डब्यात, चुलीपासून जवळ पण हाताच्या अंतरावर राहतात.

पहिली संध्याकाळ माझी फजितीची गेली. रॉड टेकवला की चिकटून बसे. हिसका द्यावा तर जागचा हलेना, आणि तोवर अख्खा रॉड लालबुंद होई. बाजारपेठेतले मिस्त्री एकदा येऊन गेले, त्यांनी सांगितले, "सर, टोचू नका. आगकाडी ओढता ना, तसं ओढा. आणि चिकटला तर होल्डरचा चिमटा दाबून सोडून द्या, ओढाताण करू नका." आगकाडीची गोष्ट हाताला समजायला दोन दिवस लागले. पेटल्यानंतर रॉडचे टोक लोखंडापासून साधारण रॉडच्या जाडीइतकेच दूर ठेवायचे. अंतर बरोबर असले की तव्यावर काही तळल्यासारखा सलग चरचर आवाज येतो. अंतर वाढले की आवाज फुटतो आणि ठिणग्या दूर उडतात. मी तर म्हणेन, पहिला आठवडा कानाने शिकावे.

मग डोळ्यांनी. नवशिक्या उजेडाकडे बघतो. बघायचे असते उजेडाच्या मागे राहिलेल्या वितळलेल्या डबक्याकडे. त्याची कड दोन्ही तुकड्यांना भिजवते आहे की नाही, एवढेच पाहत रॉड किंचित कलता धरून आपल्या दिशेने ओढत न्यायचा. ढकलत नेला तर खपली डबक्यात शिरते. मी खडूने रेघ आखून भंगार पट्टीवर शेकडो रेघा ओढल्या. दहाव्या दिवशी एक रेघ अगदी मिस्त्रीसारखी आली, म्हणून दोन तुकडे जोडून सगळ्यांना दाखवले. मग तो जोड शिकंज्यात धरून हातोडा मारला. एका घावात तुटला. बाहेरून मणी ओवल्यासारखे सुंदर, आत काळी भोके, आणि एका बाजूचे लोखंड तर धरलेच नव्हते. त्या दिवसापासून प्रत्येक सरावाचा जोड तोडून पाहतो. जोड सोडून शेजारचे लोखंड वाकले, तर मी स्वतःला पास करतो.

खाटेचा पाइप पातळ असल्याने तो आणखी अवघड. तेथे दोन मि.मी.चा रॉड, ५० अँपिअरच्या आसपास, आणि सलग रेघ न ओढता थोडे थोडे टाके मारत, मध्ये थांबत जावे लागते. नाहीतर जोडायला गेलो आणि भोक पाडून आलो असे होते. जोडाची जागा आधी ग्राइंडरने चकचकीत करावी. रंग आणि गंज यांवर जोड धरत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. एका संध्याकाळी उजेड जात होता, एक टाका राहिला होता आणि मास्क आत होता. डोळे मिटून मारला. मग अजून दोन. तेव्हा काहीच वाटले नाही. रात्री दीडच्या सुमारास जाग आली ती डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखी. पाणी थांबेना, कंदिलाचा उजेडही सोसेना. सकाळी मंडळींनी हात धरून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी समजावले, की या ज्वालेतून दिसणाऱ्या उजेडाबरोबर न दिसणारे अतिनील किरण निघतात आणि बुबुळावरचा पातळ पडदा उन्हात कातडी भाजावी तसा भाजतो. त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून माणसाला वाटते आपल्याला काही झाले नाही. बहुधा एक-दोन दिवसांत बरे होते. चोळायचे नाही. बधिर करणारे थेंब कोणाकडून मागून घरी घालत राहायचे नाहीत, त्याने जखम भरायला उशीर होतो. बटाट्याची चकती ठेवतात तिने थंड वाटते, पण मातीतल्या बटाट्याची चकती भाजलेल्या डोळ्यावर ठेवणे मला तरी आता शहाणपणाचे वाटत नाही.

डोळ्यांवर ओले फडके ठेवून पडलो होतो तेव्हा आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आठवी झाल्यावर तो शहरातल्या एका ग्रिलच्या गाळ्यात हाताखाली लागला आहे.

"सर, तुम्हालाही झालं?" त्याने विचारले.

"तुला कितीदा होतं रे?"

"आठवड्याला एकदा तरी. बटाटा लावतो."

"मास्क देत नाहीत?"

"एकच आहे, तो मिस्त्री धरतात. मी तुकडा धरतो आणि तोंड फिरवतो. कधी काळा चष्मा घालतो, बाजारात मिळतो तो."

मला ही गोष्ट इतकी वर्षे कळली नव्हती. सुट्टीत घरी येणाऱ्या मुलांचे लाल डोळे मी जागरणावर किंवा आणखी कशावर घालत आलो, एकदोघांना बोललोही. टाका मारणारा निदान काचेमागे असतो. तुकडा धरणारा पोरगा ज्वालेपासून हातभर अंतरावर उघड्या डोळ्यांनी बसतो, आणि बहुधा तो आपल्याच पाड्यावरचा असतो. तोंड फिरवून भागत नाही, कारण किरण भिंतीवरून, पत्र्यावरून परत येतात. बाजारातला काळा चष्मा पुरत नाही. गॅस वेल्डिंगचा हिरवा चष्माही या कामाला फिका पडतो, आणि दोन्हींत गाल, मान उघडीच राहते. घरगुती कामाच्या करंटला १० नंबरची काच लागते, काही ११ पसंत करतात. अशा काचेचा हाताने धरायचा मास्क काही शे रुपयांत मिळतो. म्हणून पडवीत आता मशीन एक आणि मास्क तीन आहेत: मारणाऱ्याचा, धरणाऱ्याचा आणि बघणाऱ्याचा. पोरे बघायला जमतातच. त्यांच्यासाठी आडोसा म्हणून मी आधी गोणपाट टांगले होते. त्याने पेट घेतल्यावर पत्रा लावला.

विजेबद्दल दोन शब्द. मिस्त्री ज्याला 'अर्थ' म्हणतात ती केबल खरी अर्थिंग नव्हे, ती करंट परत नेणारी वाट आहे. खरी अर्थिंग मशीनच्या प्लगच्या तिसऱ्या पिनेतून जमिनीत जाते, आणि आमच्या जुन्या वायरिंगमध्ये ती पिन नुसती शोभेची होती. ती आधी वायरमनकडून करून घेतली. मशीन चालू असून ज्वाला पेटलेली नसते तेव्हाही होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असू शकतात. कोरड्या हातमोज्याला त्याचे काही नाही, पण घामाने भिजलेला शर्ट आणि ओल्या फरशीवर अनवाणी पाय असतील तर तेच जीवघेणे ठरू शकते. पावसाळ्यात मी पडवीत काम बंद ठेवतो. आणखी एक, एक्स्टेंशनची वायर जाड हवी आणि पूर्ण उलगडलेली हवी. माझी गुंडाळलेली बारीक वायर अर्ध्या तासात मऊ पडली होती. गावातली गिरणी सुरू झाली की व्होल्टेज पडते आणि रॉड पेटत नाही; तेव्हा करंट वाढवत बसू नये, चहा घ्यावा.

धुराकडे पाठ करून बसावे, उघड्यावर बसावे. जी.आय. पाइपावर जस्ताचा मुलामा असतो, तो जळताना पांढरा धूर येतो आणि तो छातीत गेला तर संध्याकाळी थंडीताप भरतो. गाळ्यांत त्यावर दूध पिण्याचा रिवाज आहे. दूध चांगलेच, पण धूर थांबवणे त्याच्या हातात नाही. मुलामा आधी घासून काढावा, तोही तोंडाला मास्क लावून, किंवा तो पाइप घेऊच नये. साधा वेल्डिंगचा धूरही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली त्याला कर्करोगकारक ठरवले आहे.

अकरापैकी नऊ खाटा आता उभ्या आहेत. जोड ओबडधोबड आहेत, मुले त्यांना 'सरांचे मुंगळे' म्हणतात. दोन खाटांचे पाइप इतके सडले होते की त्या सुट्या करून सरावाला ठेवल्या. तो विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी येतो आणि त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर आहे. वेल्डर हा आयटीआयमधला एक वर्षाचा ट्रेड आहे आणि आठवी पास मुलाला त्यात प्रवेश मिळू शकतो, हे त्याला माहीत नव्हते. यंदाचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून भरला आहे. तोपर्यंत गाळ्यावर जाताना तो पिशवीत स्वतःचा मास्क नेतो. पहिल्या दिवशी तेथे सगळे हसले, असे म्हणाला.

या उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड करायचा आहे. तुम्हीच करा सर, असा मुलांचा आग्रह आहे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि त्याच्याखाली सकाळी तोंड धुवायला रांग लागते. ते काम मिस्त्रीच करतील. मी तुकडे धरीन, मास्क लावून.