आसंजन, श्वेत कोशिकांचे

श्वेत कोशिका (रक्तातील पांढऱ्या पेशी) आपल्या पृष्ठभागावरील ग्राही रेणूंच्या द्वारे रक्तवाहिनीच्या भित्तीला, इतर कोशिकांना अथवा ऊतकातील (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहातील) प्रथिनांना चिकटतात, या क्रियेस श्वेत कोशिकांचे आसंजन म्हणतात. ग्राही हे कोशिकापटलात रुतलेले प्रथिन असून त्याचा एक भाग कोशिकेच्या बाहेर व दुसरा आत असतो. बाहेरील भागाशी ज्या रेणूचा नेमका मेळ बसतो त्याला लिगंड म्हणतात. रोगप्रतिकाराच्या दृष्टीने चिकटण्याची क्षमता जितकी महत्त्वाची, तितकीच न चिकटण्याचीही आहे. रक्ताबरोबर वाहणारी श्वेत कोशिका वाटेत कोठेही चिकटून चालत नाही. पण जंतुसंसर्ग झालेल्या जागी तिला अल्पावधीत थांबता आले पाहिजे. म्हणून हे ग्राही सदैव नियंत्रणाखाली असतात. हे नियंत्रण ढळल्यास एकीकडे प्राणघातक संसर्ग, तर दुसरीकडे स्वतःच्याच ऊतकांचा नाश संभवतो.

इतिहास : यूलियुस कोनहाइम या जर्मन विकृतिवैज्ञानिकांनी १८६७ मध्ये बेडकावर प्रयोग करून असे दाखविले की, दाहयुक्त सूज आलेल्या जागी श्वेत कोशिका सूक्ष्म नीलांच्या भित्तीला चिकटतात व तीतून बाहेर पडतात. त्या कशाच्या योगाने चिकटतात, हे मात्र शंभराहून अधिक वर्षे अज्ञातच राहिले. पॉल अर्लिक यांनी १८९७ मध्ये मांडलेल्या पार्श्वशृंखला सिद्धांतात कोशिकांच्या पृष्ठभागावर विशिष्ट पदार्थांशी जोडले जाणारे गट असतात, ही कल्पना होती. परंतु असे रेणू वेगळे काढण्याचे साधन नव्हते. १९७५ मध्ये गेओर्ख कलर व सेसार मिल्स्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड विपुल प्रमाणात मिळविण्याची पद्धत शोधली आणि ते साधन हाती आले [⟶ प्रतिपिंड]. तिच्या साहाय्याने टिमथी स्प्रिंगर व इतरांनी १९८० नंतरच्या दशकात श्वेत कोशिकांवरील आसंजक ग्राही ओळखले. ‘इंटेग्रिन’ हे नाव १९८६ मध्ये रूढ झाले. या ग्राहींवरील कार्याबद्दल रिचर्ड हाइन्झ, एर्की रुओस्लाटी व स्प्रिंगर यांना २०२२ चे लास्कर पारितोषिक मिळाले.

ग्राहींचे प्रकार : मुख्य कुले तीन आहेत. (१) सिलेक्टिने : यांचे एल, पी व ई असे तीन प्रकार असून ते अनुक्रमे श्वेत कोशिकांवर, बिंबाणू व रक्तवाहिनीच्या अंतःस्तरावर, आणि केवळ अंतःस्तरावर आढळतात. त्यांचे लिगंड म्हणजे प्रथिनांना जोडलेल्या शर्करांच्या शाखा होत. त्यांत फ्यूकोज ही शर्करा असावी लागते. या बंधास कॅल्शियम आवश्यक असते. (२) इंटेग्रिने : यांत आल्फा व बीटा अशा दोन प्रथिनशृंखला असतात. मानवात १८ आल्फा व ८ बीटा शृंखलांच्या जोड्यांपासून २४ इंटेग्रिने बनतात. पैकी बीटा-२ ही शृंखला असलेली फक्त श्वेत कोशिकांवर असून त्यांतील एलएफए-१ हे विशेष महत्त्वाचे आहे. (३) इम्युनोग्लोब्युलिनसदृश रेणू : यांची घडण प्रतिपिंडांच्या घडणीशी मिळतीजुळती असते. अंतःस्तरावरील आयकॅम-१ व व्हीकॅम-१ हे या कुलातील असून ते इंटेग्रिनांचे लिगंड म्हणून कार्य करतात.

आसंजनाचे टप्पे : संसर्ग झालेल्या ऊतकातून निघालेल्या रासायनिक संदेशांमुळे जवळच्या सूक्ष्म नीलेचा अंतःस्तर उद्दीपित होतो. त्याच्या कोशिकांत साठविलेले पी-सिलेक्टीन काही मिनिटांतच पृष्ठभागावर येते. ई-सिलेक्टीन नव्याने तयार व्हावे लागत असल्यामुळे त्यास काही तास लागतात. जवळून वाहणारी श्वेत कोशिका सिलेक्टिनांत अडकते. परंतु हे बंध अल्पजीवी असतात. मागचे तुटतात व पुढचे जुळतात, त्यामुळे कोशिका प्रवाहाच्या रेट्याने भित्तीवरून संथपणे गडगडत जाते. पी-सिलेक्टिनाच्या बंधाचा एक विलक्षण गुण २००३ मध्ये आढळून आला. ठराविक मर्यादेपर्यंत ताण वाढविला असता हा बंध लवकर तुटण्याऐवजी अधिक काळ टिकतो.

गडगडणाऱ्या कोशिकेला अंतःस्तरावरील केमोकाइने (श्वेत कोशिकांना आकर्षून घेणारी लहान प्रथिने) भेटतात. त्यांच्या संदेशाने इंटेग्रिने कार्यान्वित होतात, आयकॅम-१ ला घट्ट धरतात व कोशिका जागीच थांबते. नंतर ती चपटी होऊन सामान्यतः अंतःस्तराच्या दोन कोशिकांमधील सांध्यातून ऊतकात शिरते. गडगडण्यास सिलेक्टीन व थांबण्यास इंटेग्रीन अशी ही कार्यविभागणी आहे, हे मायकेल लॉरेन्स व स्प्रिंगर यांनी १९९१ मध्ये कृत्रिम पटलावर द्रव वाहता ठेवून सिद्ध केले.

नियंत्रण : विश्रांत अवस्थेत इंटेग्रिनाचा बाहेरील भाग गुडघ्यात मुडपलेल्या पायासारखा वाकलेला असतो आणि त्याची लिगंडाविषयीची आसक्ती अत्यल्प असते. केमोकाइनाचा संदेश कोशिकेत पोहोचल्यावर टॅलीन व किंडलीन ही प्रथिने बीटा शृंखलेच्या आतील टोकाला जोडली जातात. त्यामुळे दोन्ही शृंखलांची टोके एकमेकींपासून दूर होतात, बाहेरील भाग ताठ उभा राहतो व बंधस्थान उघडते. एलएफए-१ च्या बंधस्थानी मॅग्नेशियमाचा आयन असून आयकॅम-१ मधील ग्लुटामिक अम्लाचा घटक त्याच्याशी जोडला जातो. या बदलाने आसक्ती हजारो पटींनी वाढू शकते. येथे संदेश कोशिकेच्या आतून बाहेर जातो. लिगंड जोडला गेल्यावर तो उलट दिशेने आत येतो आणि कोशिकेचा सांगाडा, आकार व हालचाल यांत बदल घडवितो.

बंध सोडणेही नियंत्रित असते. कोशिका पुढे सरकताना तिच्या मागील बाजूची इंटेग्रिने लिगंडापासून सुटी होतात, तर एल-सिलेक्टिनाचा बाहेरील भाग एका एंझाइमामुळे कापला जाऊन गळून पडतो.

टी-लसीका कोशिकांमध्ये हेच तत्त्व वेगळ्या कारणासाठी वापरले जाते. अशी कोशिका इतर कोशिकांना क्षणभर सैलपणे चिकटून त्यांच्यावरील प्रतिजन तपासते. ओळख पटली, तरच एलएफए-१ ची पकड घट्ट होते. अशा संपर्कस्थानी प्रतिजन ओळखणारे ग्राही मध्यभागी व त्यांभोवती एलएफए-१ चे वलय अशी मांडणी होते, असे १९९८ मध्ये दिसून आले. [⟶ रोगप्रतिकारक्षमता].

विकृती : बीटा-२ शृंखलेच्या जीनमध्ये (आनुवंशिक एककामध्ये) दोष असल्यास श्वेत कोशिका रक्तवाहिनीबाहेर पडू शकत नाहीत. अशा नवजात बालकाची नाळ वेळेवर गळून पडत नाही, वारंवार गंभीर संसर्ग होतात, जखमा भरत नाहीत आणि पू होत नाही. रक्तात मात्र श्वेत कोशिकांची संख्या नेहमीपेक्षा पुष्कळच जास्त असते. तीव्र स्वरूपाच्या विकारात उपचारांअभावी बालक बहुधा लहानपणीच दगावते. अस्थिमज्जेतील मूल कोशिकांचे प्रतिरोपण हा त्यावरील प्रस्थापित उपाय आहे. दुसऱ्या प्रकारच्या विकारात फ्यूकोज योग्य ठिकाणी पोहोचत नाही व सिलेक्टिनांना लिगंड मिळत नाहीत. रक्तगटाचा एच हा प्रतिजनही फ्यूकोजावर अवलंबून असल्याने या रुग्णांचा रक्तगट ‘बाँबे’ असतो. मुंबईत वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये प्रथम वर्णन केलेला हा गट असलेल्या इतर व्यक्तींत मात्र केवळ एच प्रतिजन बनविणाऱ्या एंझाइमाची उणीव असते. त्यांच्या श्वेत कोशिकांचे आसंजन व्यवस्थित चालते. तिसऱ्या प्रकारात इंटेग्रिने असतात, पण किंडलिनाच्या दोषामुळे ती कार्यान्वित होत नाहीत. बिंबाणूंची इंटेग्रिनेही निकामी राहत असल्याने या रुग्णांत रक्तस्रावही होतो.

काही रोगकारके या रेणूंचा आपल्या सोयीसाठी उपयोग करून घेतात. सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसांपैकी बहुसंख्य प्रकार आयकॅम-१ ला धरून कोशिकेत शिरतात. फाल्सिपेरम हिवतापात परजीवी असलेल्या तांबड्या कोशिका सूक्ष्म रक्तवाहिन्यांना चिकटतात, त्या अंशतः याच रेणूच्या आधारे.

औषधी उपयोग : आसंजन रोखल्यास स्वप्रतिरक्षाजन्य (शरीराच्या स्वतःच्याच ऊतकांवरील प्रतिरक्षा हल्ल्यामुळे होणारे) रोग आटोक्यात आणता येतात. आल्फा-४ शृंखलेविरुद्धचे नॅटालिझुमॅब हे प्रतिपिंड २००४ मध्ये अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिस या तंत्रिका तंत्राच्या रोगावर संमत झाले. ते श्वेत कोशिकांचा मेंदूतील प्रवेश रोखते. परंतु काही रुग्णांत एरवी सुप्त राहणाऱ्या जेसी व्हायरसाने मेंदूला घातक इजा केल्याचे आढळल्यामुळे २००५ मध्ये ते मागे घेण्यात आले व २००६ मध्ये कडक देखरेखीच्या अटीवर पुन्हा उपलब्ध झाले. सोरायसिसवरील एफालिझुमॅब हे एलएफए-१ विरोधी औषध याच विकारामुळे २००९ मध्ये बंद झाले. २०१४ मध्ये संमत झालेले व्हेडोलिझुमॅब हे मुख्यतः आतड्याकडे जाणाऱ्या श्वेत कोशिकांच्या आल्फा-४ बीटा-७ या इंटेग्रिनापुरतेच मर्यादित असल्याने आतड्याच्या दाहयुक्त विकारांत अधिक सुरक्षित ठरले आहे. ज्या आसंजनाने रोग बळावतो त्यानेच शरीराचे रक्षणही होत असल्यामुळे, ते सर्वत्र न थांबविता विवक्षित ठिकाणीच थांबविणे हे या उपचारपद्धतीचे मुख्य उद्दिष्ट आहे.