डाळिंबाचा रंग : एका आर्मेनियन चित्रपटातील प्रतीकसृष्टी

कवीचे चरित्र आणि कवीचे काव्य या दोहोंतील नाते कसे दाखवावे, हा प्रश्न चरित्रकाराप्रमाणेच चित्रपटकारालाही पडतो. जन्म, शिक्षण, प्रेम, राजाश्रय, वैराग्य आणि मृत्यू या घटना क्रमाने मांडल्या म्हणजे माणसाचा वृत्तांत हाती येतो. कवी मात्र त्यातून निसटलेला असतो. सेर्गेई पाराजानोव (१९२४-१९९०) यांनी आर्मेनियाच्या चित्रसंस्थेसाठी निर्माण केलेल्या आणि १९६९ साली प्रदर्शित झालेल्या ‘डाळिंबाचा रंग’ या चित्रपटात हा प्रश्न अत्यंत निराळ्या रीतीने सोडविलेला आहे. घटनांना गौण करून त्या घटनांतून कवीच्या अंतःकरणात जे साठत गेले असेल, ते रंग आणि वस्तू यांच्या द्वारे प्रकट करावे, अशी ही रीत आहे. ती दुर्बोध आहे असे पुष्कळदा म्हटले जाते. त्या दुर्बोधतेचे स्वरूप काय, आणि प्रतीकांचा अर्थ ‘सांगता’ येतो काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

चित्रपटाचा नायक सायात नोव्हा हा अठराव्या शतकातील ‘आशुग’, म्हणजे स्वतः गीते रचून वाद्याच्या साथीवर गाणारा कवी. त्याचे बहुतेक आयुष्य कॉकेशसच्या परिसरात गेले. आर्मेनियन, जॉर्जियन आणि अझरबैजानी अशा तीन भाषांत त्याने रचना केली. जॉर्जियाचा राजा दुसरा एरेक्ले याच्या दरबारी तो होता. पुढे त्याला दरबार सोडावा लागला आणि त्याने धर्मदीक्षा घेतली. १७९५ साली इराणच्या आगा मुहम्मद खानाच्या सैन्याने तिफ्लिस, म्हणजे आजचे त्बिलिसी, लुटले, तेव्हा त्याचा अंत झाला. पाराजानोव यांचा जन्मही त्याच नगरीतील एका आर्मेनियन कुटुंबात झालेला. अनेक भाषा, अनेक धर्म आणि अनेक हस्तकला यांचा संगम असलेल्या त्या नगरीचे संस्कार कवी आणि दिग्दर्शक या दोघांवरही होते.

या चित्रपटात कॅमेरा बहुधा स्थिर असतो. पात्रे प्रेक्षकाकडे तोंड करून उभी असतात, संथ व नियमबद्ध हालचाली करतात आणि जवळजवळ बोलत नाहीत. मध्ययुगीन आर्मेनियन हस्तलिखितांतील लघुचित्रांचा हा आदर्श आहे. त्या चित्रांत दूर आणि जवळ असा भेद फारसा नसतो. मनुष्य, पक्षी, वृक्ष आणि इमारत ही सर्व एकाच पातळीवर येतात आणि रंगाच्या शुद्धतेनेच परस्परांपासून वेगळी होतात. खोली नाहीशी झाली की कथेची गतीही मंदावते, आणि वस्तू केवळ वस्तू म्हणून डोळ्यांसमोर उभी राहते. प्रतीकाची पूर्वतयारी ती हीच. ज्या वस्तूकडे आपण क्षणभरही थांबून पाहिले नाही, तिला प्रतीकाचे सामर्थ्य कसे यावे?

आरंभीचीच दृश्ये पाहावीत. पांढऱ्या वस्त्रावर डाळिंबे ठेवलेली आहेत. त्यांचा रस हळूहळू वस्त्रात पसरतो. त्या डागात प्राचीन आर्मेनियाच्या भूमीचा आकार अनेकांनी पाहिला आहे. मग खंजीर येतो. कोरीव अक्षरांच्या शिळेवर एक अनवाणी पाऊल द्राक्षांचा घड चिरडते. भाकरींशेजारी मासे तडफडतात. वाद्य आणि काटेरी डहाळ्या दिसतात. यातील प्रत्येक वस्तूला परंपरेने दिलेला अर्थ आहे. आर्मेनियन लोकजीवनात डाळिंब हे सुफलतेचे चिन्ह आहे आणि विवाहविधीत ते फोडण्याची रूढी आहे. ख्रिस्ती परंपरेत द्राक्षरस, भाकरी आणि मासा यांचे स्थान सर्वश्रुत आहे. पण ही यादी करून थांबणे म्हणजे शब्दकोश वाचून काव्य समजल्याचा आनंद मानण्यासारखे होय. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर, हा रूढ अर्थ येथे वाच्याच्या जागी आहे. व्यंग्य त्याच्या पलीकडे आहे.

ते व्यंग्य हाती लागण्यासाठी रंग कोणता, यापेक्षा रंग कोठून येतो, हे पाहिले पाहिजे. या चित्रपटातील तांबडा रंग बहुधा लावलेला नसतो, तर निघालेला असतो. फळ फुटते, घड चिरडला जातो, तेव्हा तो बाहेर येतो. कढईतून काढलेल्या लोकरीच्या लडींतून तो धातूच्या ताटांवर ठिबकतो आणि त्या ठिबकण्याचा आवाज आपल्याला स्पष्ट ऐकू येतो. आर्मेनियात फार पूर्वीपासून अरारातच्या मैदानातील एका किड्यापासून किरमिजी रंग काढीत. वस्त्रांप्रमाणेच हस्तलिखितांतील चित्रांसाठीही तो वापरीत. म्हणजे त्या भूमीत तांबडा रंग मिळविणे हीच मुळी एखादा जीव चिरडण्याची क्रिया होती. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रौद्राचा वर्ण रक्त आणि शृंगाराचा श्याम असा प्रत्येक रसाला एकेक वर्ण नेमून दिला आहे. पाराजानोव यांच्या तांबड्याला असा एकच रस नेमून देता येत नाही. तोच रंग प्रीतीचा आहे, यज्ञाचा आहे आणि संहाराचाही आहे. या सर्वांना जोडणारा दुवा एकच : काहीतरी फुटल्यावाचून रंग बाहेर पडत नाही.

हे सूत्र ध्यानात घेतले म्हणजे चित्रपटाची रचना उलगडू लागते. बालपणीच्या भागात मुलगा रंग घेणारा आहे. पावसाने भिजलेले ग्रंथ मठाच्या छतावर वाळत घातले आहेत, वाऱ्याने त्यांची पाने फडफडत आहेत आणि त्यांच्यामध्ये तो पडून आहे. रंगाऱ्यांच्या कढया तो पाहतो. लोकर जशी रंग पिते, तसे त्याचे मन जग पिऊन घेत आहे. यौवनात देवघेव सुरू होते. सोफिको चियाउरेली या जॉर्जियन अभिनेत्रीने तरुण कवी आणि त्याची प्रेयसी या दोन्ही भूमिका केल्या आहेत. शिवाय इतरही काही भूमिका तिच्याच आहेत. एकच मुख दोन्ही बाजूंनी पाहते आहे, त्यामुळे प्रेमिकांमधील अंतर आणि त्यांचे अभेदत्व ही दोन्ही एका वेळी जाणवतात. मठातील भागात रंग ओसरतो; काळी वस्त्रे आणि दगडाचा करडेपणा उरतो. पण तेथेही साधू डाळिंबे खातात आणि दाणे फुटल्याचा आवाज शांततेत घुमतो. वैराग्याच्या घरातही देहाची भूक संपलेली नाही, हे सांगण्यास याहून एक शब्दही अधिक लागत नाही. तिग्रान मान्सुर्यान यांच्या संगीतयोजनेत असे साधे ध्वनीच रंगांचे सोबती झाले आहेत.

अंताजवळ एक गवंडी चर्चच्या भिंतीत मातीची मडकी बसवीत असतो. नाद घुमावा म्हणून जुन्या बांधणीत अशी मडकी बसवीत असत. तो कवीला गाण्यास सांगतो, आणि नंतर मरण्यासही सांगतो. घेतलेला रंग आता द्यावयाचा आहे, आवाज भिंतीच्या स्वाधीन करावयाचा आहे. गायक जातो, नाद राहतो.

या पद्धतीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे सारे शोभेचे आहे. परक्या प्रेक्षकाला त्यात सुंदर वस्त्रे आणि पात्रे यांपलीकडे काही मिळणार नाही. या आक्षेपात तथ्य आहे. चित्रपटातील काही चौकटी स्वतःच्याच सौंदर्यात गुंततात आणि तेथे सूत्र सैल होते. दुसरा आक्षेप सोव्हिएत अधिकाऱ्यांनी घेतला : यातून सायात नोव्हाविषयी जनतेला काहीच कळत नाही. त्यांनी चित्रपटाचे मूळ नाव, जे कवीचेच नाव होते, काढावयास लावले. प्रकरणांच्या शीर्षकांतूनही ते वगळले गेले. पुढे सेर्गेई युत्केविच यांनी संकलन बदलून दुसरी आवृत्ती सिद्ध केली आणि तीच अधिक दूरवर पोहोचली. पाराजानोव यांना १९७३ च्या डिसेंबरात अटक झाली. १९७७ च्या अखेरीस ते सुटले. यानंतरचा त्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट १९८० च्या दशकातच होऊ शकला. आर्मेनियन आवृत्तीच्या जवळ जाणारी पुनरुद्धारित प्रत २०१४ साली कान महोत्सवात दाखविली गेली.

अधिकाऱ्यांचा आक्षेप आणि काही रसिकांचा उत्साह यांत एक विलक्षण साम्य आहे. दोघांनाही प्रतीकाकडून निश्चित उत्तर हवे असते. अधिकाऱ्याला ते मिळत नाही म्हणून तो संशय घेतो. रसिक ते स्वतःच ठरवून टाकतो, की डाग म्हणजे हरवलेली भूमी आणि तांबडा म्हणजे १९१५ चा नरसंहार. हे अर्थ खोटे नाहीत. त्या लोकसमूहाच्या इतिहासात ते अटळपणे जागे होतात. परंतु त्यांनाच अखेरचे मानले, तर वस्त्रावर पसरणारा रस पाहावयाचा राहूनच जातो. संकेताचा अर्थ कळला की त्याचे काम संपते. प्रतीकाचे काम अर्थ कळल्यानंतर सुरू होते. अधिकाऱ्यांनी कवीचे नाव पुसले, आणि त्याच्या जागी एका फळाचा रंग आला. अजाणता घडलेला हा बदल चित्रपटाच्या स्वभावाशी इतका जुळला की, चरित्राचे नाव जाऊन काव्याचे नाव राहिले, असेच म्हणावे लागेल.