इरिटेबल बॉवेल सिंड्रोम आणि मानसिक ताण

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम किंवा आयबीएस हा आतड्याच्या कार्यातील दीर्घकालीन बिघाड आहे. यात पोट वारंवार दुखते आणि शौचाच्या सवयी बदलतात. कोणाला अतिसार, कोणाला बद्धकोष्ठ, तर कोणाला दोन्ही आलटून पालटून होतात. आतड्यात जखम वा गाठ नसल्याने नेहमीच्या तपासण्या बहुधा निर्दोष येतात. परंतु त्यावरून वेदना काल्पनिक ठरत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'रोम ४' निकषांनी या आजाराची गणना आतडे व मेंदू यांच्या परस्परसंबंधातील विकारांत केली आहे.

निदान

गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी आणि तिचा शौचाशी, शौचाच्या वारंवारतेशी किंवा मलाच्या स्वरूपाशी संबंध, यांपैकी किमान दोन बाबी जुळल्यास आयबीएसचे निदान होते. लक्षणांची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वी झालेली असावी लागते. मलातून रक्त जाणे, वजन घटणे, रक्तक्षय, ताप किंवा पन्नाशीनंतर प्रथमच त्रास सुरू होणे ही धोक्याची लक्षणे असून त्यांसाठी स्वतंत्र तपासणी आवश्यक असते. पूर्व विदर्भात सिकलसेल आजार आढळतो व त्यातही पोटात तीव्र वेदना होऊ शकतात. अमीबाजन्य आव आणि आतड्याचा क्षयरोग यांचाही विचार करावा लागतो.

ताणाचे कार्य

आतड्याच्या भित्तीत चेतापेशींचे स्वतंत्र जाळे असते आणि ते मेंदूशी सतत संदेशांची देवाणघेवाण करते. ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे आतड्याची हालचाल बदलते व संवेदनक्षमता वाढते. एरवी जाणवणारही नाही असा वायूचा दाब मग वेदना म्हणून जाणवतो. वेदनेमुळे चिंता वाढते आणि चिंतेमुळे वेदना. काही रुग्णांत हा आजार जंतुसंसर्गानंतर सुरू होतो. अशा वेळी ताण हे मूळ कारण नसले तरी तो त्रास लांबवू शकतो.

कामाच्या वेळा

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती परिसरात कोळसा खाणी व आयुधनिर्माणी आहेत. खाणी व कारखान्यांतील काम पाळ्यांमध्ये चालते. पाळी बदलत राहिली की झोप, जेवण आणि शौच यांचे शारीरिक घड्याळ विस्कळीत होते. अमेरिकेत परिचारिकांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फिरत्या पाळीत काम करणाऱ्यांमध्ये आयबीएसचे प्रमाण अधिक आढळले.

सामना करण्याचे मार्ग

अनेक रुग्ण शौचालय वेळेवर मिळणार नाही या भीतीने एसटीचा प्रवास, लग्नसमारंभ आणि बाहेरचे जेवण टाळू लागतात. त्या क्षणी सुटकेची भावना मिळते, पण भीती मात्र पक्की होते व आयुष्याचा परीघ आकुंचित होतो. एकेक पदार्थ सोडत गेल्यास पोषणही घटते. संकोचामुळे ही अडचण घरातही बोलली जात नाही.

याउलट आजाराची यंत्रणा समजून घेणे, जेवण व झोपेच्या वेळा शक्य तितक्या नियमित ठेवणे, व्यायाम, दीर्घ श्वसन आणि लक्षणांची रोजनिशी यांचा उपयोग होतो. टाळलेल्या गोष्टी लहान टप्प्यांनी पुन्हा सुरू करणे हा बोधात्मक वर्तन उपचाराचा भाग आहे. मँचेस्टर येथील पीटर व्होरवेल यांनी १९८४ साली संमोहन उपचाराचा उपयोग दाखवून दिला. इसबगोलासारखा विद्राव्य तंतू काहींना उपयुक्त ठरतो. वेदना कमी करण्यासाठी डॉक्टर अल्प मात्रेत नैराश्यावरील औषधेही देतात. तेवढ्यावरून रुग्णाला मनोविकार आहे असे ठरत नाही.

मदत

भारत सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यविषयक समुपदेशन दिवसरात्र मिळते. तज्ज्ञांचे दवाखाने दूर असलेल्या वनप्रदेशातील रुग्णांना ताणाविषयी प्रथम बोलण्यासाठी ही सेवा उपयोगी पडू शकते. आजाराच्या निदानासाठी मात्र डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी आवश्यक असते.