करडईची भाजी चालते, मग पाकळी का नको?

भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यात कुणाला करडई ओळखायला शिकवावं लागणार नाही. मराठवाड्याच्या काळ्या रानातलं हे जुनं रब्बी पीक. काट्यांमुळे जनावरं तोंड लावत नाहीत, म्हणून ज्वारीच्या कडेनं ती पेरायची पद्धत होती. कोवळ्या पानांची भाजी करायची, बियांचं तेल काढायचं, आणि फूल रानातच वाळून जायचं.

चीनमध्ये मात्र मोल आहे ते या फुलालाच. पिवळी पाकळी कोमेजताना लाल होते आणि तीच तिथल्या वैद्यकातलं ‘होंगहुआ’, म्हणजे लाल फूल. अडलेली पाळी सुरू करायला, साकळलेलं रक्त मोकळं करायला ते देतात. आता विचार करा, जे औषध पाळी आणण्यासाठी आहे, ते गर्भारपणात पोटात गेलं तर? चिनी वैद्यांना हे ठाऊक होतं. चीनच्या अधिकृत औषधसंहितेतही होंगहुआपुढे गर्भवतींसाठी सावधगिरीची सूचना आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत पाकळीच्या अर्कानं गर्भाशयाचं आकुंचन वाढलं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्काची मात्रा वाढवल्यावर उंदरांचे गर्भ जगले नाहीत. उंदरावरून बाईचं माप काढता येत नाही, हे खरं. पण गर्भवतींवर असे प्रयोग करणं योग्यही नाही, त्यामुळे ‘इतकी पाकळी चालेल’ असा आकडा कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हे आज लिहावंसं वाटलं, कारण पाकळी आता आपल्याकडेही कपात आली आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याचं ‘नारी-6’ वाण काढलं, त्यामुळे पाकळ्या वेचणं सोपं झालं. त्यांचा चहा होतो. शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळतं, ही मला मनापासून चांगली गोष्ट वाटते. फक्त दिवस गेलेल्या बाईनं तो कप बाजूला ठेवावा. भाजीची आणि फोडणीतल्या तेलाची गोष्ट वेगळी. झाड एकच असलं तरी पान, बी आणि फूल यांतली रसायनं निरनिराळी असतात.

‘झाडपाल्यानं काय होतंय’ हे वाक्य आपल्या आज्यांचं नव्हेच. त्यांनी बांधावरच्या एका वेलीला ‘कळलावी’ म्हटलं, कळा लावणारी. तिच्या कंदातलं कोल्चिसिन पेशींचं विभाजनच थांबवतं, आणि गर्भ तर पेशी विभागूनच वाढतो. थोड्याशा कंदानंही माणूस दगावू शकतो.

बाळाचं हृदय, मेंदू, हातपाय पहिल्या दोन-अडीच महिन्यांत आकाराला येतात, आणि त्यातले सुरुवातीचे काही आठवडे बाईला दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून मूल हवं असेल तर पाळी चुकायची वाट न बघता काढे, चूर्णं, पाकळ्यांचा चहा आधीच थांबवावा. काही घेऊन झालं असेल तर घाबरून लपवू नये. आशाताईंना सांगावं आणि पुडी तशीच डॉक्टरांपुढे ठेवावी.