आपत्तीची तयारी आणि मर्यादित निधी

जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या महापुराने सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा गाव उद्ध्वस्त केले. अनेकांना प्राण गमवावे लागले. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचाव पथकांना डोंगर पायी चढावा लागला. दोन्ही घटनांचा बोध एकच : बाहेरची मदत पोहोचेपर्यंतचे तास स्थानिकांनाच निभवावे लागतात.

त्या तासांची तयारी लहान रुग्णालयालाही परवडणारी आहे. मेअखेर सलाईन, सर्पदंशावरील प्रतिविष, धनुर्वाताची लस, प्राणवायूचे सिलिंडर व जनरेटरचे डिझेल यांचा साठा तपासावा. पुराच्या पाण्यातून वावरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्यासाठी डॉक्सिसायक्लिन हाताशी असावे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर जिल्ह्याच्या काही भागांत वीज अनेक दिवस नव्हती, दूरध्वनीही ठप्प होते. म्हणून कोणी कोठे हजर व्हायचे, हे आधीच ठरवून भिंतीवर लावावे. एकाच वेळी अनेक जखमी आले, तर लाल, पिवळ्या व हिरव्या फिती बांधून उपचारांचा क्रम ठरवता येतो. फितींचा खर्च नगण्य; सराव मात्र नियमित हवा.

नव्या यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते. मुदत संपलेल्या औषधांच्या जागी भरलेल्या साठ्यावर ते येत नाही. तरीही पावसाळी रात्री आधार त्याचाच असतो. आपल्या देणगीतील काही वाटा या कामीही लागावा, ही नम्र विनंती.