शेक किती दिवस आणि किती भागाला?



आपल्या अंकात लागण, खोडव्याची निगा, पाण्याच्या पाळ्या यांवर नेहमी लिहिले जाते. घरच्या लक्ष्मीच्या दुखण्यावर मात्र फारसे कुणी लिहीत नाही. त्यातून दुखणे छातीचे असेल, तर ते घरातसुद्धा दबक्या आवाजात बोलले जाते. म्हणून या खेपेस थोडे मोकळेपणाने लिहीत आहे.

आमच्या गटातील एका सभासदाच्या पत्नीची ही हकिकत. त्यांना विचारूनच लिहितो, नावे देत नाही. त्यांना वहिनी म्हणू आणि मालकांना दादा. वहिनींचे वय ५८. डाव्या छातीत लहान बोराएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी महिनाभर कुणाला सांगितले नाही. लेक खराडीला दिलेली. मुळा-मुठेच्या काठचे ते गाव आता पुणे शहरात गेले आहे. लेकीच्या कानावर गोष्ट गेली आणि तिने दुसऱ्याच दिवशी आईला खराडीला नेले. तपासणी झाली, कर्करोग निघाला. छाती न काढता फक्त गाठ आणि काखेतल्या दोन-तीन गाठी तपासणीसाठी काढल्या. रिपोर्ट चांगला आला. गाठ दीड सेंटीमीटरची, कडा स्वच्छ, काख स्वच्छ, हार्मोनच्या गोळीला दाद देणारी.

दादांना वाटले, सुटलो. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता किरणोपचार घ्यावे लागतील." म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो तो.

"गाठ तर काढली. मग शेक कशाला?" दादांनी विचारले.

उसाला काणी लागली तर आपण ते बेट मुळासकट उपटतो. तरी आसपासच्या बेटांवर नजर ठेवावी लागतेच. तसेच इथे आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहू शकतात, त्या मारण्यासाठी शेक. इटलीत डॉ. व्हेरोनेसी यांनी १९७३ पासून आणि अमेरिकेत डॉ. फिशर यांनी १९७६ पासून मोठ्या चाचण्या घेतल्या. त्यांतून सिद्ध झाले, की गाठ काढून शेक दिला तर आयुष्य पूर्ण छाती काढल्याइतकेच मिळते. तेव्हा छाती वाचवायची आणि शेक टाळायचा, असे साधारणपणे चालत नाही.

दादांची अडचण वेगळी होती. गळीत हंगाम भर जोरात, टोळी फडात उतरलेली, घरी गुरे. त्यांनी थेट विचारले, "पाच दिवसांत उरकणारा शेक असतो म्हणं. तोच द्या."

डॉक्टरीणबाईंनी कागद घेतला आणि दोन रेघा मारल्या. म्हणाल्या, "दादा, यात दोन प्रश्न आहेत. किती भागाला, हा एक. आणि किती दिवस, हा दुसरा. लोक दोन्ही एकच समजतात."

सभासदांनी ध्यानात ठेवावे असे मुख्य हेच आहे, म्हणून नीट मांडतो.

पहिला दिवसांचा प्रश्न. पूर्वी संपूर्ण छातीला पाच आठवडे, २५ वेळा शेक देत. मग इंग्लंडमधील चाचण्यांतून तीन आठवडे, १५ वेळा पुरे असे ठरले. २०२० साली तिथल्याच 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीचा पाच वर्षांचा निकाल आला. त्यात ४,०९६ रुग्ण होते. एका आठवड्यात पाच वेळा दिलेला शेकही रोग परत येण्याच्या बाबतीत तीन आठवड्यांच्या शेकापेक्षा कमी पडला नाही. म्हणजे संपूर्ण छातीचा शेकसुद्धा काही जणींना पाच दिवसांत देता येतो. दिवस वाचवायचे म्हणून भाग कमी केलाच पाहिजे, असे आता राहिलेले नाही.

दुसरा भागाचा प्रश्न. गाठ पुन्हा आलीच, तर ती बहुतेक वेळा जुन्या जागेच्या आसपास येते. मग तेवढ्याच भागाला शेक का देऊ नये? हे ऐकून दादा म्हणाले, "म्हणजे पाटपाणी का ठिबक, असंच की!" डॉक्टरीणबाई हसल्या. "बरोबर. पण मुळं कुठं आहेत हे पक्कं ठाऊक असेल तिथंच ठिबक."

या 'ठिबक' शेकाचेही प्रकार आहेत. एक, बाहेरून यंत्राने. इंग्लंडच्या 'इम्पोर्ट लो' चाचणीत पन्नाशीच्या पुढच्या, लहान गाठीच्या २,०१८ स्त्रिया होत्या. पाच वर्षांत रोग परत येण्याचे प्रमाण संपूर्ण छातीच्या शेकात १०० पैकी सुमारे १ आणि थोड्या भागाच्या शेकात त्याहूनही कमी दिसले. इटलीत फ्लॉरेन्सला ५२० स्त्रियांवर एक दिवसाआड पाच वेळा, थोड्या भागाला शेक देऊन पाहिला. दहा वर्षांनीही दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता आणि कातडीचा त्रास कमी झाला.

दुसरा प्रकार, छातीत बारीक नळ्या घालून आतून चार-पाच दिवस शेक देण्याचा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात हे काम बरीच वर्षे चालते. पण त्याला सराईत हात लागतो आणि ते सगळीकडे होत नाही.

तिसरा, शस्त्रक्रियेच्या टेबलावर एकदाच देण्याचा. ऐकायला सोपा. पण मिलानच्या चाचणीत पंधरा वर्षांत त्याच छातीत रोग परत येणाऱ्या १०० पैकी सुमारे १३ निघाल्या, नेहमीचा शेक घेतलेल्यांत दोन-तीन. जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही, पण पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी कुणाला हवी? शिवाय दिवसातून दोनदा शेक देऊन आठवड्यात उरकण्याची एक पद्धत कॅनडाकडच्या चाचणीत पाहिली. रोग आटोक्यात राहिला, पण छातीचा आकार आणि कातडी जास्त बिघडली. घाई प्रत्येक वेळी फायद्याचीच असते असे नाही.

वहिनी तोवर गप्प होत्या. दादाच बोलत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दादा, आता यांना बोलू द्या." मग वहिनींनी विचारले, "मग उरलेल्या भागाचं काय? तिथं उगवलं तर?"

प्रश्न अगदी नेमका होता. उत्तर असे मिळाले, की उरलेल्या भागावर दरवर्षी मॅमोग्राफीची नजर ठेवायची आणि हार्मोनची गोळी न चुकता घ्यायची. ती सगळ्या अंगाला लागू पडते. शिवाय गाठ डावीकडे, खाली काळीज. थोड्या भागाला शेक दिला तर काळजाला आणि फुप्फुसाला किरणांची झळ कमी लागते. वहिनींचे वय, गाठ आणि रिपोर्ट सारे जुळत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीच्या जागी धातूच्या बारीक खुणाही ठेवल्या होत्या, त्यामुळे नेम धरता येत होता. वहिनींनी एक दिवसाआड पाच वेळांचा, थोड्या भागाचा शेक निवडला.

त्याच बाकावर छत्तीस वर्षांची एक बाई बसत असे. तिच्या काखेत रोग निघाला होता. तिला संपूर्ण छातीला आणि गळपट्टीच्या हाडाजवळ पंधरा वेळा शेक होता. तिने वहिनींना विचारले, "तुम्हाला पाच, मला पंधरा का?" वहिनी म्हणाल्या, "बाई, तुझं रान वेगळं, माझं वेगळं. शेजारणीचं बघून पाणी देऊ नये." आपल्या देशात हा रोग बऱ्याच जणींना कमी वयात होतो आणि गाठही मोठी झाल्यावर कळते. म्हणून थोड्या भागाचा शेक इथे प्रत्येकीला बसत नाही, आणि तो बसला नाही म्हणजे उपचार हलका झाला असेही नाही.

ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांनी गाठीचा रिपोर्ट हातात घेऊन एवढे विचारावे. गाठ केवढी? एकच आहे का? कडा आणि काख स्वच्छ आहे का? हार्मोनला दाद देते का? मला कोणते शेक बसतात आणि कोणते बसत नाहीत, ते का? जमल्यास हे शस्त्रक्रियेच्या आधीच विचारावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे किरणोपचार येतात. आपण निवडलेला प्रकार त्या रुग्णालयात योजनेत बसतो का, हे आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावे. सोलापूरकडच्या मंडळींना बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय जवळ पडते.

दादांचा ऊस आठवडाभर उशिरा तुटला. चिटबॉयने चिठ्ठी पुढे ढकलून दिली, एवढेच. वहिनींची छाती थोडी लाल झाली, पंधरा दिवस अंगात थकवा राहिला, मग उतरला. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ऊस आठ दिवस थांबतो, भाऊजी. गाठ थांबत न्हाई. मी महिनाभर गप बसले, तेवढं बायकांना सांगा."

सांगितले आहे. घरी वाचून दाखवावे, ही विनंती.